समाजमाध्यमांवरील छळ : स्वरूप आणि उपाय



खेरडी परिसरातील काही पालक आम्हांस विचारतात, की मुलास मोबाइलवरून कोणी त्रास देत असेल तर काय करावे? त्यानिमित्ताने हा लेख सादर करीत आहोत.

टवाळी नवी नाही. पूर्वी ती बहुधा शाळेच्या फाटकापाशी थांबत असे. आता ती रात्री अंथरुणापर्यंत येते. करणारा अनेकदा बनावट नावामागे दडलेला असतो आणि पाहणारे शेकडो असतात. आमच्या मते या छळाचे खरे बळ पाहणाऱ्यांतच आहे. एकाने छायाचित्र टाकले, दुसऱ्याने हसरे चिन्ह लावले, तिसऱ्याने ते पुढे पाठविले. प्रत्येकास वाटते, ‘मी असे काय केले?’

आपल्या शेजारच्या पालघरची घटना अनेकांना स्मरत असेल. 18 नोव्हेंबर 2012 रोजी, बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी, तेथील एका तरुणीने मुंबई बंदविषयी फेसबुकवर आपले मत लिहिले. तिच्या मैत्रिणीने केवळ ‘लाइक’ केले. जमावाने त्या तरुणीच्या नातलगाच्या रुग्णालयाची मोडतोड केली आणि अटक मात्र दोघी मुलींना झाली! ज्या 66-अ कलमाचा आधार त्या प्रकरणात घेतला गेला, ते सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्दबातल ठरविले. मत न पटणे वेगळे आणि माणसाच्या दारावर चालून जाणे वेगळे, हा भेद त्या दिवशी विसरला गेला. म्हणूनच ‘कोणी आक्षेपार्ह लिहिले’ म्हणून पडद्याची छायाचित्रे गटागटांत फिरविणे, हाही आम्ही छळाचाच भाग मानतो.

आता उपायांविषयी. मूल बहुधा सांगत नाही, कारण सांगितल्यास मोबाइल काढून घेतला जाईल, अशी त्यास भीती असते. तेव्हा ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ हे वाक्य पालकांनी कृपया टाळावे. आधी ऐकून घ्यावे. उलट उत्तर देऊ नये. मजकूर पुसण्यापूर्वी तारीख, वेळ व खात्याचे नाव दिसेल असा स्क्रीनशॉट आणि दुवा जपून ठेवावा. त्यानंतरच त्या खात्यास रोखावे. (घाईने सारे पुसून टाकले, तर पुरावाही जातो.) समाजमाध्यम कंपनीकडेही तक्रार करावी, 2021 च्या नियमांन्वये तक्रार निवारण अधिकारी नेमणे त्यांना बंधनकारक आहे.

नकार देऊनही स्त्रीचा ऑनलाइन पाठलाग करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे, धमकी देणे कलम 351 खाली. संमतीवाचून खासगी अवयवांचे चित्रण वा प्रसारण केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66-ई लागू होते.

आपली नगर हवेली गुजरात व महाराष्ट्र यांच्या मध्ये वसलेली. त्रास देणारा वापीत असेल वा तलासरीत, तक्रार कोठे करावी, हा संभ्रम साहजिक आहे. परंतु 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार, गुन्हा कोणत्याही हद्दीतील असो, जवळच्या पोलीस ठाण्याने माहिती नोंदवून घ्यावयाची असते. मुलांसाठी 1098 व तातडीच्या प्रसंगी 112 हे क्रमांक आहेत. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर महिला व बालकांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते.