राष्ट्रीय स्मरणरंजन आणि लोकानुनयी राजकारण : हंगेरीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अनेक लोकशाही देशांच्या राजकारणात 'पुन्हा' आणि 'परत' हे दोन शब्द विशेष प्रभावी ठरले. २०१६ साली ब्रिटनमध्ये युरोपीय संघातून बाहेर पडू इच्छिणाऱ्यांनी नियंत्रण परत मिळवण्याची हाक दिली. त्याच वर्षी अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प यांनी देशाला पुन्हा महान करण्याचे आश्वासन दिले. पूर्वी काही चांगले होते व ते आता उरलेले नाही, हे गृहीतक दोन्ही घोषणांत समान होते. राष्ट्राच्या भूतकाळाविषयीची ही ओढ लोकानुनयी राजकारणाला बळ कशी देते, याचा विचार प्रस्तुत लेखात हंगेरीच्या उदाहरणाच्या आधारे केला आहे.

संकल्पनांचे स्वरूप

मराठीतील 'स्मरणरंजन' या शब्दात रंजनाचा भाग पुढे येतो. मूळ पाश्चात्त्य संज्ञेत मात्र वेदना आहे. १६८८ साली बाझेल येथे योहानेस होफर या वैद्यकाच्या अभ्यासकाने 'घरी परतणे' आणि 'वेदना' या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून ती घडवली. मायभूमीपासून दूर राहणाऱ्यांच्या आजाराचे ते नाव होते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात स्वेतलाना बॉइम यांनी या भावनेचे दोन प्रकार मांडले. पुनर्स्थापक स्मरणरंजनाला हरवलेले घर जसेच्या तसे पुन्हा उभारायचे असते. चिंतनशील स्मरणरंजन ते घर गेल्याचे मान्य करते आणि आठवणींतील विसंगतीही स्वीकारते.

लोकानुनयवादाची कास मुड्डे यांनी २००४ साली केलेली व्याख्या बहुमान्य आहे. तिच्यानुसार ही विचारसरणी समाजाला निर्मळ जनता आणि भ्रष्ट अभिजन अशा दोन परस्परविरोधी गटांत विभागते. पुनर्स्थापक स्मरणरंजनाशी ती सहज जुळते. एकाला मोडलेले घर पुन्हा हवे असते. दुसरी ते कोणी मोडले याचे उत्तर पुरवते.

त्रियानॉनची जखम

पहिल्या महायुद्धानंतर ४ जून १९२० रोजी झालेल्या त्रियानॉनच्या तहाने हंगेरीच्या राज्याचा सुमारे दोन तृतीयांश भूभाग शेजारी देशांकडे गेला. तीस लाखांहून अधिक मॅग्यार भाषिक नव्या सीमांपलीकडे राहिले. अनेकांची गावे तीच राहिली, देश मात्र बदलला. हे दुःख खरे होते. तथापि, जुन्या राज्यातील सुमारे निम्मी प्रजा स्लोव्हाक, रुमानियन, सर्ब, जर्मन इत्यादी भाषा बोलणारी होती. मॅग्यारांना जे अंगच्छेदन वाटले, ते यांपैकी अनेकांना स्वातंत्र्य वाटले. राष्ट्रीय आठवणीत या दुसऱ्या बाजूला क्वचितच स्थान मिळाले. पुढे साम्यवादी राजवटीत या विषयाच्या जाहीर चर्चेवर बंधने आली आणि वेदना घराघरांत दबून राहिली.

स्मरणाकडून राजकारणाकडे

केवळ अशी वेदना असणे राजकीय परिणामासाठी पुरेसे नसते. डिसेंबर २००४ मध्ये सीमेपलीकडील मॅग्यारांना नागरिकत्व देण्याविषयी झालेले सार्वमत आवश्यक मतसंख्येअभावी निष्फळ ठरले. त्यानंतरची परिस्थिती वेगळी होती. निवडणूक जिंकण्यासाठी जनतेशी खोटे बोलल्याची पंतप्रधानांची कबुली २००६ साली उघड झाली. २००८ च्या आर्थिक संकटात परकीय चलनातील गृहकर्जांचे हप्ते वाढले. सत्ताधाऱ्यांवरचा विश्वास उडाला. या पार्श्वभूमीवर २०१० साली व्हिक्टर ओर्बान यांच्या फिडेस पक्षाच्या आघाडीला संसदेत दोन तृतीयांश बहुमत मिळाले.

नव्या संसदेने त्याच वर्षी ४ जून हा राष्ट्रीय ऐक्याचा दिवस ठरवला आणि सीमेपलीकडील मॅग्यारांना नागरिकत्वाचा मार्ग मोकळा केला. २०१४ पासून त्यांना मतदानही करता आले. देशात निवास नसलेल्या मतदारांच्या टपाली मतांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मते २०१४, २०१८ आणि २०२२ या तिन्ही निवडणुकांत फिडेसला मिळाली. स्मरणाचे मतांत रूपांतर कसे होते, याचे हे ठळक उदाहरण होय. अर्थात, या पक्षाच्या यशामागे विरोधकांतील फूट, बदललेले निवडणूक कायदे आणि प्रसारमाध्यमांवरील प्रभाव हीदेखील कारणे होती.

दोन स्मारके

२०१२ पासून लागू झालेल्या मूलभूत कायद्याच्या प्रास्ताविकेत राष्ट्राचा आत्मनिर्णय १९ मार्च १९४४ रोजी, म्हणजे जर्मनीने देश व्यापला त्या दिवशी, गमावल्याचे म्हटले. त्यानंतर काही महिन्यांतच चार लाखांहून अधिक ज्यूंना मृत्युछावण्यांकडे पाठवण्यात आले. त्यात हंगेरीच्या प्रशासनाचा सक्रिय सहभाग होता. २०१४ साली बुडापेस्टमध्ये उभारलेल्या स्मारकात मात्र हंगेरी निष्पाप देवदूताच्या, तर जर्मनी झडप घालणाऱ्या गरुडाच्या रूपात दाखवली गेली. ज्यू संघटनांनी व इतिहासकारांनी त्यास आक्षेप घेतला. नागरिकांनी त्याच्यासमोर कुटुंबीयांची छायाचित्रे, चपला-बूट, जुन्या पेट्या आणून ठेवल्या. एकाच चौकात बॉइम यांनी सांगितलेले स्मरणरंजनाचे दोन्ही प्रकार समोरासमोर आले.

निष्कर्ष

भूतकाळाची ओढ स्वतःहून लोकानुनयवादास जन्म देत नाही. आर्थिक असुरक्षितता आणि अविश्वास यांच्या काळात 'हरवले' या अनुभवाचे 'हिरावले' या आरोपात रूपांतर होते, तेव्हा ती राजकीय शक्ती बनते. हरवलेल्याचा शोक करता येतो. हिरावलेल्यासाठी दोषी शोधावा लागतो. या रूपांतरात राष्ट्राने स्वतः केलेला अन्याय आठवणीतून प्रथम गळतो. म्हणूनच जनतेच्या स्मरणरंजनाला भाबडेपणा म्हणून हिणवणे हा त्यावरील उपाय ठरत नाही. ज्या दुःखाला लोकशाही संस्था स्थान देत नाहीत, त्याला दुसरे कोणीतरी स्थान देते आणि त्याची किंमतही ठरवते. शेजाऱ्याच्या आणि पीडिताच्या आठवणींसह आपला भूतकाळ सांगता येणे, ही लोकशाहीची कठीण परंतु आवश्यक कसोटी आहे.