रिपोर्टवरचं मोठं नाव आणि घरचं पाणी

पावसाळा लागला की वालूरात वर्गातली हजेरी कमी होते. कुणाला ताप, कुणाला जुलाब. मागे एका विद्यार्थ्याची अम्मी परभणीहून आणलेला कल्चर रिपोर्ट घेऊन आमच्याकडे आली. "सर, इसमें तो साल्मोनेला टायफी लिखा है. ये टायफॉईडच है ना?" आम्ही सांगितलं, हो, टायफॉईडचा जंतू तोच. औषध डॉक्टरांनी सांगितलेलं, पूर्ण दिवस घ्या.

पण ही नावं येतात कुठून? आपल्याकडे माणसाची ओळख नाव, घर, खानदान अशी सांगतात. जंतूंचंही तसंच आहे. मराठी पुस्तकात गण, कुल, प्रजाती, जाती अशा पायऱ्या आहेत. उर्दू शाळेत कुलाला खानदानच म्हणतात. टायफॉईडचा जंतू ज्या गणात मोडतो त्याचं नाव एन्टेरोबॅक्टेरेल्स. ग्रीक भाषेत 'एन्टेरॉन' म्हणजे आतडं.

आधी या गणाचं नाव थोडं वेगळं, एन्टेरोबॅक्टेरिएल्स असं लिहीत. गणाचं नाव एखाद्या प्रजातीच्या नावावरून करायचं आणि शेवटी 'एल्स' लावायचं, असा नियम आहे. 2016 मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी 'एन्टेरोबॅक्टर' या प्रजातीवरून नाव नियमात बसवलं. जंतूंची जनुकं ताडून पाहिली, तेव्हा आधीचं एकच मोठं कुल त्यांना सात कुलांत वाटावं लागलं.

वाटणी आजारावरून झाली नाही, नात्यावरून झाली. 1896 मध्ये मुंबईत थैमान घालणाऱ्या प्लेगचा जंतू याच गणातला आहे, पण तो पिसवांमधून पसरतो. तो यर्सिन यांनी 1894 मध्ये हाँगकाँगला शोधला. आधी त्याला पाश्चर यांच्या नावाच्या प्रजातीत ठेवलं होतं, नंतर तो यर्सिनियात गेला. उलट कॉलरा पाण्यातूनच पसरतो, तरी त्याचा जंतू दुसऱ्या गणातला. म्हणजे एका खानदानातले सगळे एकाच वाटेने येतात असं नाही.

मग आपल्याला याचा उपयोग काय? टायफॉईडचा एक जवळचा भाऊबंद आहे ई-कोलाय. एशेरिच या जर्मन बालरोगतज्ज्ञांनी 1885 मध्ये तो बाळांच्या विष्ठेत पाहिला, म्हणून प्रजातीला त्यांचं नाव. तो माणसाच्या नि जनावरांच्या आतड्यात राहतो आणि त्याचे बहुतेक प्रकार काही त्रास देत नाहीत. पण तो पाण्यात सापडला तर समजावं, पाण्यात विष्ठा मिसळली आहे. आणि त्याच वाटेने टायफॉईडही येऊ शकतो. म्हणून भारतीय मानकानुसार पिण्याच्या 100 मिली पाण्यात ई-कोलाय अजिबात आढळता कामा नये.

आमच्या गावच्या जुन्या बारवा बघायला लोक दुरून येतात. बारव असो, बोअर असो की नळ, पाणी स्वच्छ दिसतं म्हणून ते शुद्ध असेलच असं नाही. ग्रामपंचायतीकडे तपासणीच्या बाटल्या असतात. पाणी भरून ठेवल्यावर एक-दोन दिवसांत ते काळं पडलं, तर ते पिऊ नये. ती तपासणी मागून घ्या. तोवर पाणी खळखळ उकळू द्या, किमान 1 मिनिट, आणि झाकून ठेवा. संडासहून आल्यावर, स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा.

नावं पुढेही बदलतील. घरातली ही सवय मात्र बदलू देऊ नका.