शौचातून रक्त पडतंय? मूळव्याध समजून गप्प बसू नका

सातारा असो की सांगली, आपल्या घरांत एक आजार असा आहे की त्याबद्दल बोलायलाच लाज वाटते. शौचातून रक्त गेलं तरी अब्बा मुलांना सांगत नाहीत आणि अम्मी तर कोणालाच सांगत नाही. मेडिकलमधून मूळव्याधीचं मलम येतं, महिने जातात. बहुतेक वेळा ती खरोखर मूळव्याधच असते. पण काही वेळा तो मोठ्या आतड्याचा कॅन्सर असतो, आणि तपासल्याशिवाय दोन्हींतला फरक कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये जगात या कॅन्सरचे १९ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख लोक दगावले. फुटबॉलपटू पेले याच आजाराने गेले. ‘ब्लॅक पँथर’चा नायक चॅडविक बोसमन गेला तेव्हा फक्त ४३ वर्षांचा होता. म्हणजे हा केवळ म्हाताऱ्यांचा आजार नाही.

हा कॅन्सर सहसा एका रात्रीत होत नाही. आतड्याच्या आतल्या बाजूला आधी एक छोटी गाठ येते, तिला पॉलिप म्हणतात. सगळ्याच पॉलिपचा कॅन्सर होत नाही, पण ज्यांचा होतो त्यांना बहुधा दहा-एक वर्षं लागतात. तेवढ्या काळात दुर्बिणीच्या तपासणीत, म्हणजे कोलोनोस्कोपीत, ती गाठ दिसली तर तिथेच काढता येते. सुरुवातीच्या टप्प्यात निदान झालेले दहापैकी नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. आजार यकृतात, फुप्फुसात पसरल्यावर हे प्रमाण फार खाली येतं.

ही लक्षणं दोन-तीन आठवडे राहिली तर डॉक्टरांकडे जा:
• शौचातून रक्त, किंवा काळपट शौच
• अचानक बद्धकोष्ठता किंवा जुलाब सुरू होणं
• पोट साफ झालंच नाही असं वाटत राहणं
• विनाकारण वजन घटणं, थकवा, रक्त कमी होणं

रमजानमध्ये पोटाच्या वेळा बदलतात, म्हणून “रोज्यामुळे होतंय” असं म्हणून सोडून देऊ नका. रक्त पडत असेल तर ते रोज्यामुळेच आहे असं गृहीत धरू नका. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला हा कॅन्सर झाला असेल, तर त्रास नसतानाही चाळिशीला तपासणीबद्दल विचारा. स्त्रियांना संकोच वाटत असेल तर लेडी डॉक्टर मागता येते.

खाण्याचंही पाहा. मटण बंद करा असं कोणी म्हणत नाही, पण रोज नको. सॉसेज, सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सरला कारणीभूत असल्याचं २०१५ मध्येच जाहीर झालं आहे. ज्वारीची भाकरी, डाळ, भाज्या, फळं वाढवा. तंबाखू सोडा.

काही जण पोटावर पिशवी लागेल, मग नमाज कशी होणार, या भीतीने टाळतात. पिशवी प्रत्येकाला लागत नाही, अनेकांची तात्पुरती असते. आणि अशा रुग्णाला माजूर समजून शरीयतमध्ये सवलत आहे; तुमच्या मौलानांना विचारा.

मिरज, कराड आणि साताऱ्यात कॅन्सरवर उपचार होतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मदत मिळते. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड, आधार दाखवून चौकशी करा.

घरातल्या मोठ्यांना एकदा स्पष्ट विचारा. ते स्वतःहून सांगणार नाहीत.