पाठीवरचे बिऱ्हाड

चेन्नईच्या दक्षिण अंगाला, जुन्या महाबलीपुरम् रस्त्यावर पेरुंगुडी नावाची वस्ती आहे. तमिळमध्ये कुडी म्हणजे वस्ती आणि पेरुम् म्हणजे मोठी. एकीकडे पळ्ळिकरणैची दलदल (तिला २०२२ साली रामसर यादीत स्थान मिळाले) आणि दुसरीकडे संगणक-कंपन्यांच्या काचेच्या इमारती. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे नोकरीला येतात आणि बदली झाली की सामान बांधतात. घर भाड्याचे, तेव्हा भिंतीत खुंट्या ठोकाव्यात, की ट्रंकेतूनच संसार चालवावा, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. संगणकातील प्रोग्रामांचीही हीच स्थिती आहे.

आपण एखादा प्रोग्राम ‘इन्स्टॉल’ करतो, म्हणजे वस्तुतः काय करतो? त्याच्या मुख्य फायली एका जागी जातात, इतरांशी सामाईक असलेल्या फायली दुसरीकडे, आपल्या आवडीनिवडींची नोंद तिसरीकडे. विंडोजमध्ये याखेरीज ‘रजिस्ट्री’ नावाचे एक मोठे दप्तर असते. १९९५ च्या विंडोजपासून त्याला विशेष महत्त्व आले. कोणत्या प्रकारची फाइल कोणी उघडावयाची, हे त्यात लिहिलेले असते. गावच्या तलाठ्याकडे नोंद व्हावी, तशी ही नोंद होय. प्रोग्राम काढून टाकला तरी तिचे अवशेष पुष्कळदा मागे राहतात.

पोर्टेबल सॉफ्टवेअर मात्र विंचवाप्रमाणे आपले बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडते. प्रोग्राम, त्याला लागणाऱ्या फायली आणि आपल्या नोंदी, सर्व एकाच फोल्डरात. तो फोल्डर पेन ड्राइव्हवर ठेवावा, कोणत्याही जुळत्या यंत्राला लावावा आणि काम सुरू करावे. हे काही अगदी नवे नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या काळात प्रोग्राम फ्लॉपीवरूनच चालत. हार्ड डिस्क आली आणि मग प्रोग्राम घरे करून राहू लागले. पुढे पेन ड्राइव्ह आला आणि २००४ साली जॉन हॉलर यांनी फायरफॉक्सचे पोर्टेबल रूप सिद्ध केले, तेव्हा जुनी चाल नव्या वेशात परतली. चेन्नईतच सी-डॅकने घडविलेली ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली तर त्याही पुढची. यंत्रावर न बसविता ती अख्खी बाहेरून चालविता येते.

आम्हा बदलीच्या नोकरीतील मराठी माणसांना या गोष्टीचे मोल फाँटमुळे कळले. जुन्या मराठी फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असत. गावाकडून जमिनीच्या वाटणीचा मसुदा यावा, तो येथल्या कचेरीतील यंत्रावर उघडावा, आणि आजोबांच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरे नि चिन्हांचा चिवडा दिसावा! मजकूर प्रवास करून आला होता, पण त्याचा फाँट गावीच राहिला होता. फाँट बसवावयाचा तर अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड हवा, आणि तो ज्याच्यापाशी असे तो गृहस्थ नेमका रजेवर. काही पोर्टेबल प्रोग्राम आपला फाँटही स्वतःच्याच फोल्डरात बाळगतात. परगावी मराठी वाचण्याची ती एक वाट होती. खरा उपाय युनिकोडचा. विंडोज २००० पासून देवनागरी प्रणालीच्या पायातच आली आणि मराठी मजकुराला स्वतःचा फाँट बरोबर घेऊन हिंडण्याची गरज उरली नाही. म्हणजे मजकूर मोकळा झाला, तो यंत्रात काहीतरी कायमचे बसविले गेले म्हणून! हा विरोधाभास मला मोठा उद्बोधक वाटतो.

तथापि पाहुण्याला सर्व दारे उघडी टाकणे शहाणपणाचे नव्हे. २०१० साली उघडकीस आलेला स्टक्सनेट हा घातकी प्रोग्राम पेन ड्राइव्हवाटेही पसरत असे. अनेक कचेऱ्या पेन ड्राइव्हला मज्जाव करतात. ही केवळ आडमुठी शिस्त नव्हे. शिवाय सुधारित आवृत्ती आपली आपणच आणावी लागते, आणि पेन ड्राइव्ह लोकलमध्ये पडला, तर त्यातील पत्रे नि पासवर्ड परक्याच्या हाती जातात. ‘मागे काहीच खूण राहत नाही’ हेही पूर्ण खरे नाही. अलीकडे उघडलेल्या फायलींची यादी यंत्र पुष्कळदा ठेवतेच. छपाईयंत्राचा ड्रायव्हर किंवा विषाणू-रक्षक यांना तर प्रणालीच्या गाभ्यापर्यंत पोहोचावे लागते. ती मंडळी घरचीच हवीत.

माझे मत विचाराल तर, जे यंत्र आपल्या मालकीचे आहे त्यावर रोजचे प्रोग्राम रीतसर बसवावेत. परक्या यंत्रावर मालकाची अनुमती असेल तरच आपला फोल्डर उघडावा, काम झाल्यावर पेन ड्राइव्ह हिसकून न काढता ‘इजेक्ट’ची आज्ञा द्यावी, आणि त्याची एक प्रत घरी ठेवावी. मोबाइलने मात्र तिसरीच तऱ्हा काढली आहे. तेथे प्रत्येक अॅप बसवावेच लागते, पण त्याला स्वतंत्र खोली मिळते, आणि अॅप काढले की त्या खोलीतील सामानही त्याबरोबर जाते. म्हणून फोन बदलण्यापूर्वी त्यातील महत्त्वाचा मजकूर आधी बाहेर काढून ठेवावा लागतो.