दहा माणसांचा विमा आणि आपण



आज आपल्या पुष्कळ घरांचा एक पाय उसात, तर दुसरा वाळूजच्या एमआयडीसीत आहे. समजा, एकाच गावची दोन मुलं तिथं लेथवर कामाला आहेत. पगार सारखाच, महिना १५,००० रुपये. एकाच्या वर्कशॉपात बारा माणसं, दुसऱ्याच्या सात. दोघांचेही वडील आजारी पडले. पहिल्यानं त्यांना चिकलठाण्याच्या कामगार विमा रुग्णालयात नेलं. दुसरा उचल मागायला मालकाच्या दारात उभा राहिला. फरक फक्त पाच माणसांचा!

कर्मचारी राज्य विमा योजनेचा, म्हणजे ईएसआयचा, नियमच तसा आहे. दहा किंवा जास्त माणसं असली की योजना बंधनकारक. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना ती लागू होते. शंभर रुपये पगारामागे कामगाराचे ७५ पैसे, मालकाचे सव्वातीन रुपये. त्यात बायको-मुलं आणि कामगारावर अवलंबून असलेले आईवडील यांचाही उपचार होतो. पुढं माणसं दहाच्या खाली आली तरी मालकाची सुटका नाही. तेव्हा आपल्या मुलांनी पहिल्या पगारालाच विमा क्रमांक मागून घ्यावा.

मग आपल्या कारखान्यात तर शेकडो कामगार, इथं ईएसआय हवीच की! पण नाही. १९४८ च्या कायद्यानं साखर व गुळाचे कारखाने 'हंगामी' म्हणून वगळले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हंगामी कारखाने बाहेरच आहेत. आजार काही गळीत हंगाम बघून येत नाहीत. ऊसतोड मजूर मुकादमाच्या उचलीवर येतो, कारखान्याच्या हजेरीपटावर त्याचं नाव नसतं. आणि आपण सभासद तर कुणाचेच नोकर नाही. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार आहे. पण ठरावीक उपचारांपुरता आणि योजनेतल्या रुग्णालयांपुरताच.

विम्याचं गणित सोपं आहे. सात जणांच्या गटात एक मोठं ऑपरेशन निघालं की पुढच्या वर्षी सगळ्यांचाच हप्ता चढतो. सात हजारांच्या गटात तेच ऑपरेशन पचून जातं. म्हणून मोठ्या गटाला विमा कंपन्या जुनी दुखणीसुद्धा पहिल्या दिवसापासून धरून देतात.

कर्नाटकानं हे ओळखलं. २००३ साली तिथं सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांसाठी शस्त्रक्रियांची 'यशस्विनी' योजना सुरू झाली. माणशी वर्षाला ६० रुपये, वर सरकारचा हातभार. पहिल्याच वर्षी सुमारे १६ लाख लोक सामील झाले. २०१८ मध्ये ती सरकारी योजनेत विलीन झाली, पण २०२२-२३ मध्ये पुन्हा सुरू करावी लागली.

आपल्या ऊसबिलातून कपाती काही थोड्या होत नाहीत. त्यात आणखी एक घालण्याआधी हिशेब समोर हवा. आम्हाला वाटतं, सभासद, कामगार आणि तोडणी मजूर यांची एकच यादी करून संचालक मंडळानं गट विम्याचे दर मागवावेत. हप्ता किती, कोणते आजार बसतात, जवळचा कोणता दवाखाना चालतो, हे लेखी घेऊन येत्या वार्षिक सभेत मांडावं. मग हात वर करायचा की नाही, ते सभासद ठरवतील.