निकालाआधीची दोन वर्षे

अकरावीत प्रवेश घेतलेल्या मुलाच्या घरी पाहुणे आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘क्लास कुठला लावला?’ प्रश्न चुकीचा नाही. पण आपण तेवढा एकच प्रश्न विचारतो आणि बाकीचे सगळे बारावीचा निकाल लागल्यावर बघू म्हणून ठेवून देतो. मग मे-जूनमध्ये सगळे एकदम अंगावर येते. जातपडताळणी झाली का? उत्पन्नाचा दाखला कुठे मिळतो? फी किती? मुलीला एकटीला पुण्याला पाठवायचे का? या धावपळीत ज्याच्या आयुष्याचा निर्णय चाललेला असतो, त्या मुलाला काय हवे आहे हे विचारायचे राहूनच जाते.

२०२५ साली आपल्या राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत ९१.८८ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. म्हणजे दहापैकी नऊ घरांत प्रश्न पास होण्याचा नव्हता, पास झाल्यावर कुठे जायचे याचा होता. म्हणून आज अभ्यास कसा करावा हे मी सांगणार नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचे आहे ते कागदपत्रे, पैसा आणि निवड या तीन गोष्टींबद्दल. माझ्या मते कागदपत्रे गोळा करणे हे पालकांचे काम आहे, पैशाचा हिशेब दोघांनी मिळून करायचा आहे आणि अभ्यासक्रमाची निवड मुलाने करायची आहे. अनेक घरांत हे नेमके उलटे चालते. निवड वडील करतात, पैशाबद्दल मुलाला काहीच सांगितले जात नाही, आणि दाखल्यांसाठी सेतू केंद्राच्या रांगेत बारावीच्या मुलाला उभे केले जाते.

आधी कागदपत्रांचे पाहू, कारण वेळ सर्वांत जास्त त्यांनाच लागतो.

जातीचा दाखला आणि जातवैधता प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत, हे अजूनही अनेकांना माहीत नसते. जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून मिळतो. तो खरा आहे की नाही याची छाननी पडताळणी समिती करते आणि मग वैधता प्रमाणपत्र देते. राखीव जागेवरून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचे असेल तर हे दुसरे प्रमाणपत्र लागते. ते वेळेत दिले नाही तर विद्यार्थी खुल्या गटात धरला जातो. हक्काची जागा जाते आणि फीची सवलतही जाते. काही वर्षी सरकारने मुदत वाढवून दिली आहे, पण त्या भरवशावर राहू नये.

या कामाला वेळ का लागतो? कारण पुरावा जुना लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीची नोंद मागितली जाते. म्हणजे मुलाच्या आजोबांचा, कधी पणजोबांचा कागद शोधावा लागतो. तो सापडतो गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, नाहीतर जन्म-मृत्यूच्या गाव नमुना १४ मध्ये, ज्याला जुनी माणसे कोतवाल बुक म्हणतात. शहरात दोन पिढ्या गेलेल्या कुटुंबाला गाव गाठावे लागते, रजिस्टर जीर्ण झालेले असते, आजोबांचे नाव एका ठिकाणी ‘गणपत’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘गणू’ असते. हे निस्तरायला महिने जातात. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातील कोणाचे वैधता प्रमाणपत्र आधीच झालेले असेल तर काम बरेच सोपे होते. तेव्हा दिवाळीला भाऊबंद एकत्र जमतात, तेव्हा काका-चुलत्यांकडे चौकशी करावी. कनिष्ठ महाविद्यालयामार्फत पडताळणीचा अर्ज करता येतो. कॉलेज कधी सांगेल याची वाट न पाहता आपणच कार्यालयात जाऊन विचारावे.

बाकीचे दाखले तुलनेने लवकर मिळतात, पण त्यांना मुदत असते. नॉन क्रीमिलेयर प्रमाणपत्र ठरावीक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंतच चालते. आर्थिक दुर्बल घटकांचा, म्हणजे ईडब्ल्यूएसचा दाखला त्या त्या आर्थिक वर्षापुरता असतो. जेईई आणि नीटसारख्या देशपातळीवरच्या परीक्षांना केंद्र सरकारच्या नमुन्यातला वेगळा दाखला लागतो, राज्याचा चालत नाही. अधिवास प्रमाणपत्र मात्र एकदा काढले की काढले. आणि या सगळ्यांवर, आधार कार्डावर, दहावीच्या गुणपत्रिकेवर नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, हे अकरावीतच ताडून पाहावे.

आणखी एक नियम मुलाला अकरावी-बारावीसाठी परराज्यात पाठवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरल्या जातात. त्या कोट्यासाठी, काही अपवाद वगळता, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण व्हावे लागते. नामांकित क्लाससाठी बाहेर जाऊन तिथल्याच शाळेतून बारावी केली, तर आपल्या राज्यातील दार बंद होऊ शकते. हे दोन वर्षांनी कळून उपयोग नाही.

तारखांचेही तसेच. प्रवेश परीक्षांचे फॉर्म बारावीच्या परीक्षेच्या आधीच भरायचे असतात. विज्ञान शाखेच्या घरांत हे माहीत असते, कारण सीईटीचा गाजावाजा असतो. वाणिज्य आणि कला शाखेच्या मुलांची फसगत होते. एकात्मिक पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला सीईटी आहे. बीबीए, बीसीए, बीएमएस यांनाही २०२४ पासून राज्याची सीईटी सुरू झाली. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सीयूईटी आहे. ‘कॉमर्सला कसली आलीय एन्ट्रन्स?’ असे म्हणणारे घर निकालाच्या दिवशी जागे होते, तेव्हा फॉर्मची मुदत संपून गेलेली असते.

आता पैसा. आपल्याकडे मुलांना पैशाची झळ लागू नये म्हणून पालक बोलत नाहीत. भावना चांगली आहे, परिणाम वाईट होतो. सतरा वर्षांच्या मुलाला घरातला ताण दिसत असतोच. त्याला आकडा माहीत नसतो, म्हणून तो स्वतःच काहीतरी ठरवून टाकतो. एखादी हुशार मुलगी ‘मला इंजिनीअरिंगमध्ये रसच नाही’ असे सांगून जवळच्या कॉलेजात नाव घालते. तिला रस नव्हता की वडिलांवर कर्ज नको होते, हे कोणीच विचारत नाही.

आणि कदाचित तो खर्च तिला करावा लागलाच नसता. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. त्याआधी ही सवलत निम्मी होती. त्यातली अट अशी की प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे ‘कॅप’मधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला आणि अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ही योजना लागू नाही. वसतिगृह आणि खानावळीचा खर्च वेगळाच. त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची निर्वाह भत्ता योजना आहे. अर्ज महाडीबीटीवर करायचे असतात.

कर्ज घ्यायचे झाल्यास दोन गोष्टी मुलासमोर मांडाव्यात. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण लागत नाही, पण पालक सहकर्जदार असतात. हप्ते शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतात, व्याज मात्र पैसे उचलले त्या दिवसापासून चढते. एका रविवारी वही घेऊन बसावे. चार वर्षांची फी, राहणे, जेवण, येण्याजाण्याचे भाडे, असे सगळे लिहावे. समोर आपल्याला झेपेल तो आकडा लिहावा. मधली तफावत कशी भरायची यावर मुलालाही बोलू द्यावे. मुले अशा वेळी जेवढा समजूतदारपणा दाखवतात, तेवढा आपण धरून चाललेला नसतो.

तिसरी गोष्ट निवडीची. इथे पालकांनी थोडे मागे सरायचे आहे. मागे सरायचे म्हणजे माहिती द्यायची, प्रश्न विचारायचे, पण पसंतीक्रम मुलालाच लिहू द्यायचा. बारावीत असलेल्या मुलाला आवडत्या शाखेत शिकणारा एखादा दादा किंवा ताई गाठून द्या, एक दिवस त्या कॉलेजात फिरून येऊ द्या. कॉलेजच्या जाहिरातीपेक्षा तिथल्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी जास्त खरे सांगतो.

पसंतीक्रमाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. वरचे कॉलेज आधी लिहिले आणि ते मिळाले नाही, तर खालचेही हातचे जाते, असे लोकांना वाटते. तसे होत नाही. गुणवत्ता यादीत तुमचा क्रमांक आला की संगणक तुमची यादी वरून खाली वाचत जातो आणि जी पहिली जागा शिल्लक असेल ती देतो. पहिले कॉलेज अवघड असले म्हणून दुसऱ्यावरचा हक्क कमी होत नाही. तेव्हा क्रम खऱ्या आवडीनेच लावावा. मात्र जे नकोच आहे ते वर लिहू नये. २०२५ च्या अभियांत्रिकी प्रवेशात पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घेणे बंधनकारक होते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींना आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींना हाच नियम होता. शेजाऱ्याच्या मुलाची यादी उतरवून काढणारे यातच अडकतात. नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका मुलाने स्वतः पहिल्या पानापासून वाचली पाहिजे. फॉर्म सायबर कॅफेवाल्याकडून भरून घेतला तरी पासवर्ड आणि मोबाइल नंबर आपलाच हवा.

निवड चुकली तर काय, ही धास्ती पालकांना असते. पूर्वीपेक्षा आता वाट बदलणे सोपे झाले आहे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीला पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडण्याची सोय आहे. मिळवलेले श्रेयांक खात्यात जमा राहतात. बारावीला एखादा विषय राहिला तर जून-जुलैत पुरवणी परीक्षा होते. विज्ञान शाखेच्या मुलाला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. हे पर्याय निकालाच्या आधी, घरात शांतता असताना मुलाच्या कानावर घालावेत. निकाल मनासारखा लागला नाही की त्या दिवशी मुलाला काही ऐकू येत नाही.

शेवटी, घर सोडून जाणाऱ्या मुलांविषयी. बारावीपर्यंत आपण त्यांना पाण्याचा पेलाही हातात देतो आणि एके दिवशी वसतिगृहाच्या खोलीत बॅग ठेवून परत येतो. परीक्षेनंतरचे दोन महिने यासाठी उत्तम आहेत. मुलाने स्वतःचे कपडे धुवावेत, चार पदार्थ करायला शिकावे, स्वतःच्या नावाचे बँक खाते चालवावे, महिन्याचा खर्च लिहावा, एकट्याने डॉक्टरकडे जाऊन काय होते ते सांगावे. हे मुलग्यांनाही लागू आहे, किंबहुना जास्तच. प्रवेशाच्या वेळी रॅगिंगविरोधी हमीपत्रावर मूल आणि पालक दोघे सही करतात. ती सही करताना त्यावर काय लिहिले आहे ते दोघांनी वाचावे. मन फार खचले तर बोलण्यासाठी टेलिमानस ही सरकारची मोफत सेवा आहे, क्रमांक १४४१६. तो मुलाच्या मोबाइलमध्ये आधीच असू द्यावा.

पहिल्या सत्रात पुष्कळ मुले गडबडतात. शिकवण्याची भाषा बदलते, वर्गात आपल्यापेक्षा हुशार मुले दिसतात, पहिल्यांदाच एखादा विषय राहतो. ज्या घरात कागद, पैसा आणि निवड यांवर दोन वर्षे मोकळेपणाने बोलणे झालेले असते, तिथले मूल अशा वेळी घरी फोन करते. बाकीची मुले ‘सगळं छान चाललंय’ असे सांगून फोन ठेवतात. आपल्या घरात यातले काय होणार हे अकरावीपासूनच ठरायला लागते. पाहुण्यांचे क्लासचे प्रश्न संपले की मुलाला जवळ बसवून विचारा, तुला काय वाटते? आणि तो उत्तर देईपर्यंत थांबा.