होडीत पाय घट्ट राहावा म्हणून

धरणाच्या फुगवट्याकाठी आणि खाडीकाठी राहणाऱ्या कितीतरी शेतकरी कुटुंबांचे होडीवाचून चालत नाही. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, कोयनेचा शिवसागर तर त्याही आधीचा. अशा जलाशयांच्या काठी शेत एका तीरावर आणि बाजार दुसऱ्या तीरावर, अशी पुष्कळांची स्थिती आहे. होडी घेताना आपण तिची लांबी पाहतो, इंजिन पाहतो. पण पाय ठेवायची जागा कशी आहे, हे फारसे कोणी पाहत नाही.

घरात पाय घसरला तर हातपाय मोडेल. होडीत एकाचा पाय घसरला की तो पडताना काठाला धरतो, होडी त्या बाजूला कलते, आणि बसलेलेही घाबरून उठतात. म्हणून ही गोष्ट किरकोळ समजू नये.

पाय का घसरतो?

गुळगुळीत पृष्ठभाग आणि तळवा यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर राहिला की पाय सटकतो. त्यात चिखल, शेवाळ किंवा डिझेल मिसळले तर विचारायलाच नको. फायबरची होडी नवी असताना आतून चकचकीत दिसते, तीच ओली झाली की जास्त घसरते. पायाखालच्या पाण्याला निघून जायला वाट हवी, हे पहिले सूत्र. आणि आपली माणसे बहुधा अनवाणी असतात, म्हणून ती जागा पायाला बोचू नये, हे दुसरे.

रंगात वाळू

हा सर्वांत स्वस्त उपाय. जागा साबणाने धुऊन पूर्ण वाळवावी. पॉलिश पेपरने घासून चकाकी घालवावी, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा निघतो. फायबरला चालणारा रंग दुकानदाराकडून विचारून घ्यावा. पहिला हात ओला असतानाच बारीक रव्याएवढी, धुतलेली, वाळवलेली वाळू चाळणीने सारखी भुरभुरावी. खाडीची वाळू खारट असते. ती गोड्या पाण्याने नीट धुतल्याखेरीज वापरू नये. रंग वाळल्यावर सुटी वाळू झाडून दुसरा हात द्यावा. वाळू जाड घेतली तर तळवे आणि गुडघे सोलतात. बसायच्या जागेवर वाळू टाकू नये.

लाकडी पट्ट्या

पायाला सर्वांत सुखाची हीच. सागाच्या पट्ट्या आडव्या ठेवून, मध्ये अर्ध्या इंचापेक्षा कमी फट सोडून उचलता येईल अशी जाळी करावी. पाणी फटीतून खाली जाते, तेथून ते उपसता येते, आणि पाय कोरडा राहतो. फट मोठी ठेवली तर मुलाचे बोट अडकते. वरून व्हार्निश लावू नये; त्याने लाकूड पुन्हा गुळगुळीत होते. बांबूची पाठ वर ठेवली तर तीही ओली झाली की घसरते. पट्ट्या बसवताना होडीच्या तळाला खिळा मारू नये. जाळी हलणार नाही अशी मापात बसवावी.

रबर आणि फोम

गोठ्यात गाईखाली घालतात तशी खाचांची रबरी मॅट होडीतही चालते. मात्र ती जड असते. शिवाय काळे रबर उन्हात तापून पाय पोळतात. मॅट सुटी टाकू नये, नाहीतर माणसासकट तीच सरकते. चिकटवायचा फोम मऊ असतो, पण विळा, खोरे किंवा दुधाचा कॅन ठेवला की फाटतो. तो फक्त बसाउठायच्या जागी वापरावा.

ओले पोते, खताची प्लास्टिकची गोणी किंवा जुना गालिचा मात्र टाकू नये. पोते पाणी धरून ठेवते आणि लाकूड कुजवते. प्लास्टिक तर सरळ घसरवते.

निवडण्याआधी

हातभर तुकडा बसवून पाहावा. त्यावर पाणी आणि थोडा चिखल टाकून अनवाणी उभे राहावे, गुडघे टेकून पाहावे, भर दुपारी हात लावून पाहावा. रंग फिका घ्यावा. खर्च थोडाच करायचा असेल, तर चढउतार करतो त्या टोकाला आणि इंजिनाजवळ आधी करावा. आठवड्यातून एकदा ब्रशने शेवाळ घासावे. डिझेल सांडले तर लगेच साबणाने धुवावे.

मात्र पाय घट्ट राहिला म्हणजे होडी सुरक्षित झाली, असे समजू नये. २१ मे २०२४ रोजी उजनीत कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जण दगावले. म्हणून आभाळ भरून आले तर थांबावे, बेताचीच माणसे घ्यावीत, आणि प्रत्येकाच्या अंगात लाईफ जॅकेट असावे, लेकरांच्या तर आधी.